पाच जणींच्या मुक्कामाला जागा

४ मार्च

भिंगरे,

पत्र माझंच आहे. अक्षर बघून ओळखलं असशीलच. चौथीपर्यंतच्या शाळेत जेवढं हातात आलं तेवढ्यावर अजून चाललंय. दादाच्या पोरीला म्हटलं तू लिहून दे, तर म्हणाली, "आजी, कामाचं पत्र आहे ना, मग तूच लिही. मी नंतर पूर्णविराम घालून देते." तेव्हा जिथे जिथे पूर्णविराम दिसेल तिथे तिथे ती आहे असं समज. बाकी सगळी मी.

पत्ता दादाच्या डायरीतून उतरवून घेतला. त्याला सांगितलेलं नाही.

तर कामाचं आधी. आम्ही पाच जणी डोंगरात चालायला जाणार आहोत. हस. हसून झालं की पुढे वाच.

आमच्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातल्या पाच जणी, सगळ्या आता रिटायर. मुकादमीण तुला आठवत असेल, तुला लहानपणी साबणाच्या खोक्यात बसवायची ती. तिला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले चाला. ती एकटी कशाला चालतेय, आम्हालाही ओढलं. रोज सकाळी हॉस्पिटलच्या भिंतीला तीन फेऱ्या, मग पाच झाल्या, आता आठ होतात आणि दम कुणालाच लागत नाही. पण तीच भिंत, तोच वास, तेच आपल्याला ओळखणारे वॉर्डबॉय. एक दिवस मुकादमीण भिंतीपाशी थांबली आणि म्हणाली, "बायांनो, तीस वर्षं लोकांच्या चादरी धुतल्या. आता दुसऱ्या कुणीतरी धुतलेल्या चादरीवर पाच रात्री झोपायचं आणि दिवसा डोंगर बघायचे." झालं. ठरलं. मुकादमिणीने ठरवलं की ते ठरतंच, ते तिचं रिटायर झालेलं नाही.

पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरायचं आमचं वय गेलं. म्हणून एकच जागा धरायची, रोज सकाळी तिथून निघून वेगळ्या वाटेला जायचं आणि संध्याकाळी तिथेच परत यायचं. सामान खोलीत, आपण बाहेर. ती जागा शोधायचं काम माझ्यावर टाकलंय. का, तर म्हणे चादरींच्या घड्या घालून घालून घडीवालीचं लक्ष बारीक होतं. खरं कारण मी कुणाला नाही म्हणत नाही.

तू त्याच डोंगरात वाटांचं काम करतेस, दगडांवर बाण रंगवतेस, एवढं दादाकडून कळलं आहे. तेव्हा तुला माहीत असणार कुठली जागा सोयीची. आमच्या अटी सांगते. इस्त्रीबाईचे गुडघे गेलेत. सपाटीवर ती घोड्यासारखी चालते, पायरी आली की रडते. दोघी जावा आहेत, त्यांना खोली एक पाहिजे पण पलंग लांब लांब, कारण दोघींतली एक घोरते आणि दोघीही म्हणतात दुसरी घोरते. मुकादमिणीला संडास खोलीला लागून हवा. मला काही नको. ओले मोजे वाळत घालायला जागा असली की झालं. ओले मोजे रात्रभर बुटात ठेवले तर सकाळी माणसाचा स्वभाव बिघडतो.

बाकी इकडे सगळं ठीक. बाबांच्या वेळी जे झालं त्याबद्दल हे पत्र नाही. तेव्हा घरात गर्दी होती, कुणाला काही सुचत नव्हतं. नऊ वर्षं झाली. असो.

जागेचं तेवढं कळव.

आई


१९ मार्च

भिंगरे,

उत्तर आलं नाही. पोस्टमनला मी काही म्हणत नाही, तो तरी काय पत्रं स्वतः लिहून आणणार?

मीच जाऊन जागा बघून आले. दादाच्या पोरीला कॉलेजला सुट्टी होती, तिला घेतलं. दादाला सांगितलं धुलाईखान्यातल्या एकीच्या घरी जातोय. नवीन बूट घेतलेत मी, जाड तळव्याचे, लेस वरपर्यंत. ते घालून घरातून निघाले तर शेजारीण म्हणते, "काकू, कुठल्या मोहिमेवर?" म्हटलं, परत आले की सांगते.

पहिली जागा खालच्या गावात, बस डेपोच्या मागे. मालक पूर्वी बस चालवायचा, आता घराच्या चार खोल्या भाड्याने देतो. भिंतींना आमच्या हॉस्पिटलसारखाच हिरवा रंग, बघून मला वाटलं आता कुणीतरी स्ट्रेचर ढकलत येणार. खिडकीतून बसची ढुंगणं दिसतात. पण बाई, सोय म्हणशील तर! सगळं तळमजल्यावर. प्रत्येक खोलीला संडास. एक वेगळी लहान खोली, तिच्यात गरम हवेची पेटी, बुटांना फळ्या आणि मोज्यांना दोऱ्या. मी चादरीचा कोपरा उलटून पाहिला, दुहेरी शिवण. मालक बघत होता. म्हणाला, "आजी, असं कुणी बघत नाही हो." म्हटलं, "म्हणून तर लोकांना कळत नाही ते कशावर झोपतात." सहाला नाश्ता, आणि दारातूनच बस निघते, चार वेगवेगळ्या वाटांच्या तोंडाशी सोडते. गादी थोडी कडक. पाठीला बरी असते.

दुसरी जागा वरच्या गावात.

हो, तुझ्याच गावात. मागच्या पत्रात मी असं लिहिलं की जसं काही मला ठाऊक नाही तू कुठे राहतेस. पाकिटावर पत्ता मीच लिहिला होता, तेव्हा ते नाटक कुणासाठी होतं कोण जाणे.

तर वरचं घर. काय सांगू! खोल्यांना लाकडी तक्तपोशी, मऊ रजया, आणि खिडकी उघडली की अख्खी दरी पायाशी. दादाची पोरगी तर खिडकीतून हलेना. मोजे वाळवायला जागा नाही, संडास दोन खोल्यांत एक, पण मी म्हटलं माणूस काय संडास बघायला डोंगरात येतो का. रस्त्यापासून घरापर्यंत पायऱ्या आहेत.

पायऱ्या उतरून मी तुझ्या गल्लीत गेले. फक्त बघायला. दार ठोठावायचं मनात नव्हतं, शप्पथ. कोपऱ्यावरच्या कठड्यावर एक मुलगी बसली होती, बुटाची लेस दातांनी सोडवत. मला म्हणाली, "तुम्ही हरवलात का?"

मी म्हटलं, "नाही गं, मुक्कामाला जागा बघायला आलेय."

"हरवलात तर लाल बाण बघायचा. माझी आई काढते ते. इथले सगळे तिचे आहेत."

भिंगरे, मी तिच्या शेजारी कठड्यावर बसले.

मी विचारलं किती वर्षांची तू. सात. मी विचारलं त्या वरच्या घराला पायऱ्या किती आहेत, आपलं काहीतरी बोलायचं म्हणून. "बासष्ट. मी मोजल्यात. दोन तुटक्या आहेत, त्या धरून." मग तिने गाठ सोडवली, ऐटीत लेस बांधली, ती परत चुकीचीच, आणि पळाली. तिचे कान माझे आहेत. बाहेर आलेले. बिचारी.

मी दादाच्या पोरीकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. परतीच्या बसमध्ये मी तिला काही विचारलं नाही आणि आम्ही दोघींनी मिळून एक मोठी पिशवीभर संत्री संपवली. मी रडत नव्हते. हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वेगळं असतं.

मला नात आहे. दुसरी नात आहे! सात वर्षांची! पायऱ्या मोजते, तुटक्या धरून!

आल्यावर मी चौघींना सांगितलं, वरची जागा घ्यायची. इस्त्रीबाईने विचारलं, "पायऱ्या आहेत का गं?" मी म्हटलं, "आहेत थोड्या."

मालकिणीला कळवून टाकलं.

आई


२ एप्रिल

भिंगरे,

हे पत्र दादाच्या पोरीला दाखवणार नाही. पूर्णविराम चुकले तर चुकले.

दादाशी भांडले. त्याला समोर बसवलं आणि विचारलं, सात वर्षं तू तिच्याकडे जातोस, तिची मुलगी तुला मामा म्हणते, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस? तो म्हणाला, "तिनेच सांगितलं होतं, आईला कळवू नकोस म्हणून. आणि सांगून तरी काय, आई? भेटता आलं नसतं तर तू झुरत बसली असतीस. तुझ्याच भल्यासाठी नाही सांगितलं."

मी तोंड उघडलं त्याला झापायला. आणि आठवलं, हे वाक्य माझं आहे. नऊ वर्षांपूर्वी दारात उभ्या असलेल्या तुला मी हेच म्हणाले होते. तुझी परीक्षा होती, तुझ्याच भल्यासाठी नाही कळवलं. तू बॅग खालीसुद्धा ठेवली नव्हतीस. आणि बाबांना स्मशानात नेऊन दोन दिवस झाले होते.

तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी समजून घेत नाही. किती मोठी गोष्ट केली मी, एकटीने सगळं ओढलं, हिची परीक्षा वाचवली. आता कळलं हे वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागतं. म्हणजे मी नात बघून इतकी खूश होते आणि त्या खुशीच्या मधोमध कुणीतरी सात वर्षं कापून नेली आहेत, आणि वर म्हणतात तुझ्या भल्यासाठी. तू तर बाप बघू शकली नाहीस.

घरात गर्दी होती असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. खोटं. शेवटचे बारा दिवस घरात मी, दादा आणि हे, एवढेच होतो. मला फोन करता आला असता. बारा वेळा करता आला असता. बाबा जास्त करून झोपेतच होते, बोलायच्या स्थितीत नव्हते, पण तुला येऊन बसता आलं असतं.

धुलाईखान्यात चादर फाटकी निघाली तर ती शिवणाकडे पाठवायची असा नियम होता. पण शिवणाकडे आधीच ढीग असला की आम्ही घडीवाल्या काय करायचो, फाटलेली बाजू आत घालून घडी करायचो. माझा त्यात हातखंडा. कपाटात ती चादर सगळ्यांत देखणी दिसायची. पण कधीतरी ती कुणाच्यातरी पलंगावर उघडली जातेच, आणि ते भोक आजारी माणसाच्या पाठीखाली येतं. मी हे तीस वर्षं केलं आणि घरीही तेच करत आले.

म्हणून परवा सकाळी भिंतीच्या तिसऱ्या फेरीला मी थांबले आणि चौघींना सांगून टाकलं. म्हटलं, वरच्या घराला पायऱ्या बासष्ट आहेत.

इस्त्रीबाई म्हणाली, "बासष्ट? अगं, तुझ्या त्या थोड्या पायऱ्यांसाठी मी पंधरा दिवस आमच्या जिन्याच्या आठ पायऱ्या चढते-उतरते आहे! सून विचारते, आई, वर काही विसरलात का सारखं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईने गुडघ्यांना पट्टे आणले होते. नवे. माझ्यावर विश्वास ठेवून.

"मग वरचीच का घेतलीस?" थोरली जाऊ.

तर मी तेही सांगितलं. तुझं, नातीचं, सगळं. भिंतीपाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर.

मुकादमीण म्हणाली, "पोरीकडे जायचं होतं तर पोरीकडे जायचंय असं म्हणायचं होतंस. आमच्या गुडघ्यांवरून कशाला जातेस?"

"चुकलं."

"चुकलंच. आता कुठली जागा सोयीची ते खरं सांग."

"खालची," मी म्हटलं. "डेपोमागची."

"आणि ती बसची ढुंगणं?" धाकटी जाऊ.

"पडदा लावायचा."

तर खालची ठरली. वरच्या मालकिणीला तसं कळवलं. सात मे ते बारा मे आम्ही तिथे आहोत. तिथून तुझं गाव बसने पाऊण तास. मी न विचारता येणार नाही. तुझ्या गल्लीत चोरासारखी येऊन गेले तेवढं पुरे. तू बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर तुझ्या बाणांवरून चालेन आणि परत जाईन. बाण तर कुणालाही चालतात.

आई


१४ एप्रिल

भिंगरे!!

कार्ड मिळालं. कार्ड मिळालं!

पोस्टमनच्या हातातून मी ते ओढूनच घेतलं, त्याचं बाकीचं टपाल जिन्यावर पसरलं, मग आम्ही दोघांनी गोळा केलं आणि त्याला मी तिथेच वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काकू, यात बसच्या वेळा आहेत." म्हटलं, "तुला नाही कळायचं."

आता मला पाठ झालंय. 'खालची जागा बरोबर. मागच्या खोल्या घ्या, पुढच्या बाजूला पहाटे बस गरम करतात. गुडघेवालीने ओढ्याची वाट घेऊ नये, उतार वाईट आहे. काठ्या दोन दोन घ्या. तिसऱ्या दिवशी तळ्याची वाट. त्या आठवड्यात मी तिथेच बाण रंगवत असेन.'

बस एवढंच. पण 'गुडघेवालीने' असं लिहिलंस म्हणजे माझी तिन्ही पत्रं तू वाचलीस. फेकली नाहीस. मी आपलं मनात धरून होते की चुलीत गेली असतील.

चौघींना भिंतीपाशी दाखवलं. मुकादमिणीने कार्ड उन्हात धरून मागूनही पाहिलं, कुठे काही अजून लिहिलंय का. धाकटी जाऊ म्हणाली, "प्रिय आई नाही, सही नाही, असलं कसलं पत्र?" तेव्हा इस्त्रीबाईने तिला सुनावलं, "सही वीजबिलाच्या कागदावर असते. आपल्या माणसाला कशाला लागते? आणि माझ्या गुडघ्यांची काळजी इतकी वर्षं माझ्या नवऱ्याने केली नाही, ती या पोरीने न बघता केली." आता इस्त्रीबाई तुझ्या बाजूची आहे कायमची, लक्षात ठेव.

ती शेवटची ओळ मात्र मी कुणाला मोठ्याने वाचून दाखवली नाही. 'तिथेच' म्हणजे तिथेच ना? की आपली माहिती म्हणून लिहिलंस, रंग ओला असेल, हात लावू नका अशी? मी विचारत नाही. तिसऱ्या दिवशी तळ्याची वाट घेऊ.

मागच्या खोल्या सांगून ठेवल्या. काठ्या दहा झाल्या. घर छत्रीच्या दुकानासारखं दिसतंय.

आई


८ मे, खालचं गाव

भिंगरे,

हे टाकणार नाही बहुतेक, उद्या तू दिसणारच आहेस. नाहीतर दिसणार नाहीस. म्हणून लिहून ठेवते, हाताला चाळा.

संध्याकाळचे सहा झालेत. बुटांच्या खोलीत बसलेय, इथे ऊब आहे. दोऱ्यांवर पाच जणींचे मोजे. मुकादमिणीने ते रंगाप्रमाणे लावलेत, जित्याची खोड. आज कुरणाची वाट केली, अकरा किलोमीटर. इस्त्रीबाई सगळ्यांच्या पुढे. मालकाने आल्या आल्या गरम पाण्याच्या बादल्या दिल्या पाय बुडवायला, तर पाच जणी एका ओळीत पाय बुडवून बसलो, दोघी जावा शेजारी शेजारी. काल दोघीही घोरल्या. आता भांडण मिटलंय.

मागच्या खोल्यांत बसचा आवाज येत नाही. तुझं बरोबर होतं.

एक गोष्ट मी दादाशी भांडले त्या पत्रातही तुला खरी लिहिली नाही. लिहायचं धाडस होईना. बोलता आलं तर उद्या बोलेन.


१८ मे

भिंगरे,

तू होतीस तिथे, तरीही लिहिते. माझ्या बाजूने काय झालं ते तुला कुठे दिसलं असेल.

वळण घेतलं आणि खडकापाशी वाकलेली पाठ दिसली. रंगाचा डबा, गुडघ्याखाली पोतं. तोंड दिसत नव्हतं. पण त्या पाठीला मी आंघोळ घातली आहे, मला तोंड कशाला पाहिजे? तू वळलीस आणि म्हणालीस, "किती वाजता निघालात?" मी म्हटलं, "सातच्या बसने." तू म्हणालीस, "पाणी पुरेसं आहे ना?" नऊ वर्षांनी आपण हे बोललो. मला तर वाटलं, चला, बसच्या वेळांवर का होईना.

मुकादमिणीचं तू मनावर घेऊ नकोस. "घडीवाली, पोरगी तुझ्याहून देखणी आहे, बापावर गेली वाटतं" हे तिचं प्रेम आहे. आणि मग त्या दोघी जावा म्हणाल्या ना, आम्हाला तळं बघायची घाई आहे, आणि मुकादमिणीला पुढे घालून, इस्त्रीबाईला मधे घेऊन पळत सुटल्या, तर असं पळताना मी त्यांना पगाराच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

मग तू ब्रश डब्यावर ठेवलास आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "बाबा काही म्हणाले होते का?"

मी पत्रात लिहिलं होतं, ते झोपेतच होते. तेच परत म्हणता आलं असतं. तू मानलंही असतंस. जिभेवर आलंही होतं. पण मी जे सांगितलं ते खरं सांगितलं. सोमवारी त्यांनी विचारलं, भिंगरी कधी येते. मी म्हटलं परीक्षा झाली की. बुधवारी परत विचारलं. मी म्हटलं, निघाली आहे, वाटेत आहे. तू वाटेत नव्हतीस, तुला काही माहीतच नव्हतं. आणि ते दाराकडे तोंड करून झोपले. कूस बदलू देईनात. म्हणाले, ती आली की दिसली पाहिजे.

तू उठलीस आणि चालू लागलीस. डबा तसाच. मी हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार? दोन वळणं गेलीस आणि दिसेनाशी झालीस. मी दगडावर बसले. मनात म्हटलं, झालं, आता ही गेली, आणि या वेळी मीच घालवली, खरं बोलून. पण गंमत बघ, पश्चात्ताप होईना. रडू येत होतं आणि छाती मात्र हलकी. असं मला कधी झालं नव्हतं.

मग तुझा डबा उचलला, ब्रश गवताला पुसला आणि चालू लागले. डबा जड होता गं. हा रोज घेऊन चढतेस?

पुढे वाट दोन ठिकाणी फुटली. दोन्हीकडे सारखंच गवत, बाण कुठेच नाही. मी डावीकडे जाऊ की उजवीकडे म्हणून उभी, तर तू झाडाखाली बसलेली. डोळे लाल. म्हणालीस, "इथला बाण अजून काढायचा राहिलाय. चुकली असतीस म्हणून थांबले."

मी डबा तुझ्यासमोर ठेवला. तू बाण काढलास, मी बघत उभी. किती सरळ काढतेस!

मग रंग वाळेपर्यंत तू जे बोललीस ते सगळं मी ऐकून घेतलं. कडू होतं. खरं होतं. मधे मी एकदाही "पण" म्हटलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. शेवटी तू म्हणालीस, "यापुढे वाईट असेल ते मला आधी सांगायचं. दादाच्या आधी. माझी परीक्षा असो, मूल आजारी असो, काही असो. काय सोसायचं ते माझं मी बघेन." मी हो म्हटलं. तू म्हणालीस, "नुसतं हो नको." मग मी परत हो म्हटलं, जरा मोठ्याने, दुसरं काही सुचलं नाही. तेव्हा तू हसलीस. अर्धवट. मला तेवढं पुष्कळ झालं.

आणि दुपारी बसस्टॉपवर ती शाळेतून आली! मला बघून म्हणाली, "आई, या त्या हरवलेल्या आजी!" आणि तू म्हणालीस, "हरवलेल्या नाहीत. आपल्याच आहेत." इस्त्रीबाई त्यावर रडली, मी नाही. मी लेस बांधत होते तिची, नीट. वीस मिनिटांत तिने मला तिचे पडलेले दात, मैत्रिणी आणि मास्तरांचा राग सगळं सांगितलं, आणि बस वेळेवर आली याचा मला इतका राग आला की ड्रायव्हरला मी नमस्कारसुद्धा केला नाही.

चौघी आत्तापासून पुढच्या वर्षीची जागा बोलताहेत. मुकादमीण म्हणते हीच, मागच्या खोल्या. जावा म्हणतात समुद्र. मी म्हटलं, तुम्ही ठरवा, मी या वेळी शोधणार नाही.

आता हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते. तीन पानं झाली तरी तिथे येत नव्हते, सवय लगेच थोडीच जाते.

काल डॉक्टरकडे गेले होते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, आणि आत काहीतरी दाब वाढलाय म्हणाले, तो चांगला नाही. ऑपरेशन लवकर करायचं आहे, दोन जूनला, मंगळवारी, सकाळी नऊला. डोळा वाचेल असं म्हणाले, पण अगदी खात्रीने नाही म्हणाले. मला भीती वाटते. दादाला अजून सांगितलेलं नाही. तुला आधी सांगतेय.

ये.

आई